नववर्षदिनाचा पालट : जपान व चीन

चिनी लिपीत ‘आरंभ’ आणि ‘प्रभात’ या अर्थांची दोन अक्षरे एकापुढे एक लिहिली म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवसाचे नाव तयार होते. चीनमध्ये या अक्षरांचा उच्चार युआन्‌तान असा होतो, तर जपानमध्ये गान्‌तान असा. इ. स. १८७० मध्ये ही अक्षरे दोन्ही देशांत एकाच दिवसाला, म्हणजे चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यातील पहिल्या दिवसाला लागू होती. आज ती दोन्ही देशांत १ जानेवारीला लागू आहेत. नावापुरते पाहिले तर दोन्ही राष्ट्रांचा प्रवास सारखाच झाला असे म्हणावे लागेल. वस्तुस्थिती मात्र अगदी निराळी आहे. जपानमध्ये १ जानेवारीला दारी पाइनच्या डहाळ्या लागतात, घरात तांदळाच्या पिठाळ गोळ्यांची चवड देवापुढे मांडली जाते, मुलांना पैशांची पाकिटे मिळतात आणि लक्षावधी माणसे वर्षातील पहिल्या देवदर्शनास जातात. चीनमध्ये त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात, आणि त्यापलीकडे फारसे काही घडत नाही. तेथील खरा वर्षारंभ चंद्रावरच अवलंबून राहिला असून त्याला ‘वसंतोत्सव’ असे दुसरे नाव मिळाले आहे.

या भेदाची उपपत्ती सामान्यतः राष्ट्रस्वभावावर केली जाते : जपानी प्रजा आज्ञाधारक, म्हणून तिने सण हलविला, चिनी प्रजा परंपरानिष्ठ, म्हणून तिने हलविला नाही. ही उपपत्ती सोपी आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. दोन्ही देशांतील घटनांचा क्रम बारकाईने पाहिला तर जपानी खेड्यांनी आज्ञा सहजासहजी मानली नाही हे दिसते, आणि चिनी सरकारांचे अपयशही केवळ जनतेच्या श्रद्धेमुळे ओढवलेले नाही हेही दिसते.

प्रथम मूळच्या कालगणनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्रातील पंचांगाशी परिचय असलेल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. महिने चांद्र, वर्ष सौर, आणि दोहोंचा मेळ घालण्यासाठी अधिक मास, ही रचना तीच आहे. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक, हा नियमही तोच आहे. भेद इतकाच की चिनी ज्योतिषी संक्रमण सायन मानाने धरतात, अमावास्या ज्या दिवशी संपते तोच दिवस महिन्याचा पहिला मानतात, आणि ज्या महिन्यात सूर्य सायन मीन राशीत जातो त्या महिन्यापासून वर्ष सुरू करतात. यामुळे त्यांचा वर्षारंभ २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या मर्यादेत, बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास पडतो. जपानने ही पद्धती चीनकडूनच घेतली. इ. स. ८६२ मध्ये स्वीकारलेले चिनी गणित तेथे आठ शतकांहून अधिक काळ तसेच चालू राहिले. पुढे १६८५ पासून शिबुकावा हारुमी याने जपानच्या अक्षांश-रेखांशांना अनुसरून शुद्ध केलेले गणित प्रचारात आले. पंचांग प्रसिद्ध करणे हा दोन्ही देशांत राज्यसत्तेचा अधिकार होता. मिंग राजवटीच्या काळात तर खोटे पंचांग छापणाऱ्यास शिरच्छेदाची शिक्षा होईल, अशी ताकीद पंचांगाच्या मुखपृष्ठावरच असे. तेव्हा विसाव्या शतकातील चिनी सरकारांनी पंचांगात हात घातला यात नवे काहीच नव्हते. ते जुन्याच अधिकाराचा वापर करीत होते.

जपानमधील बदल विलक्षण घाईने झाला. मेइजी सम्राटाच्या पाचव्या वर्षी, अकराव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे ९ डिसेंबर १८७२ रोजी, आज्ञा निघाली की येत्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हा मेइजी सहाव्या वर्षाचा १ जानेवारी समजावा. लोकांना तयारीसाठी अवघे तेवीस दिवस मिळाले. बारावा महिना दोन दिवसांचाच झाला. पुढील वर्षाची पंचांगे आधीच छापून झाली होती आणि ती रद्दीत गेल्यामुळे छापणाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. वर्षअखेरीस देणी-घेणी चुकती करण्याची रीत होती. ती अखेरच एकाएकी जवळ येऊन ठेपल्यामुळे व्यापाऱ्यांची त्रेधा उडाली.

आज्ञापत्रात अधिक मासाची गैरसोय आणि जुन्या पंचांगातील शुभाशुभ दिवसांचा भोळसटपणा अशी कारणे दिली आहेत. परंतु घाईचे कारण वेगळेच होते. इवाकुरा याच्या नेतृत्वाखाली शासनातील निम्मे प्रमुख त्या वेळी अमेरिका व युरोपच्या दौऱ्यावर होते. मागे राहिलेल्यांपैकी ओकुमा शिगेनोबु याच्याकडे खजिन्याची चिंता होती. सरकारी नोकरांना नुकतेच मासिक वेतन सुरू झाले होते, आणि १८७३ मध्ये सहावा महिना अधिक येत होता. अर्थात तेरा पगार देणे भाग होते. नवी कालगणना १ जानेवारीपासून लागू केली की तेरावा पगार वाचतो, शिवाय दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही पगार द्यावा लागत नाही. ओकुमा याने उत्तर आयुष्यातील आठवणींत हे कारण स्वतःच मान्य केले आहे. एका प्राचीन राष्ट्राचा वर्षारंभ दोन महिन्यांच्या पगारासाठी हलला, असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. पण ते अर्धे सत्य आज्ञापत्रातील सुधारणेच्या भाषेत कोठेही सापडत नाही.

लोकांना नव्या गणनेचा अर्थ समजावून देण्याचे काम फुकुझावा युकिची याने आपल्या एका छोट्या पुस्तिकेने केले; ती फार मोठ्या प्रमाणात खपली. परंतु पुस्तिकेने आकाश बदलत नाही. जुन्या गणनेत तिथी व चंद्रकला एकच होत्या. ‘तीस तारखेचा चंद्र’ हा जपानी भाषेत अशक्य गोष्टीचा दाखला होता, कारण महिन्याच्या शेवटी अमावास्याच असायची. १८७३ पासून ही अशक्य गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर घडू लागली. त्याच वर्षी एचिझेन प्रांतात मोठा दंगा उसळला. पाश्चात्त्य पद्धतीच्या शाळा, केस कापण्याची सक्ती आणि ख्रिस्ती धर्माचे भय यांबरोबर नव्या कालगणनेविषयीचा रोषही त्यात होता.

या काळातील एक प्रकरण विशेष बोलके आहे. जुन्या पाच ऋतुसणांना १८७३ च्या जानेवारीत सरकारी मान्यता उरली नाही आणि त्यांच्या जागी सम्राटाशी संबंधित दिवस आणले गेले. त्यांपैकी एक म्हणजे आद्य सम्राट जिम्मु याच्या राज्यारोहणाचा दिवस. प्राचीन इतिहासग्रंथाप्रमाणे हे राज्यारोहण इ. स. पूर्व ६६० मध्ये पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी झाले. १८७३ मध्ये तो दिवस २९ जानेवारीला येत होता, म्हणून तीच तारीख जाहीर झाली. प्रजेने या जाहीरनाम्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. २९ जानेवारी हाच तर जुना वर्षारंभ; सरकारनेच त्या दिवशी सुटी दिली आहे, तेव्हा जुना सण साजरा करावयास हरकत नाही, असे लोकांनी मानले. राज्यारोहणाच्या उत्सवात जिम्मुची आठवण कोणाला राहिली नाही. ही फजिती लक्षात आल्यावर सरकारने मूळ दिवसाचे गणित पुन्हा करविले आणि १८७४ पासून ११ फेब्रुवारी ही कायम तारीख ठरविली. या गणिताचा ज्योतिषशास्त्रीय पाया कितपत भक्कम होता हा प्रश्न गौण आहे. तारीख जुन्या वर्षारंभापासून कायमची तोडणे हा तिचा खरा उपयोग होता.

यापुढील चाळीस वर्षे मात्र सरकारने सक्तीपेक्षा सवयीवर भर दिला. अधिकृत पंचांगात नव्या तारखांशेजारी जुन्या तिथीही छापल्या जात. १९१० च्या पंचांगापासून त्या काढून टाकण्यात आल्या. १८८३ पासून हे पंचांग इसे येथील देवस्थानामार्फत निघू लागले, आणि त्यामुळे नव्या तारखांना देवस्थानाची प्रतिष्ठा लाभली. शुभाशुभ दिवस छापण्यास बंदी होती. ते हवे असणाऱ्यांसाठी चोरटी पंचांगे निघत. त्यांवर प्रकाशकाचा पत्ता खरा नसे, म्हणून लोक त्यांना ‘भूत-पंचांगे’ म्हणत. दरम्यान १८७३ च्या जमीनमहसूल सुधारणेने सारा नव्या तारखांनी व रोख रकमेत भरावयाचा झाला. शाळा, सैन्यभरती, आगगाडीचे वेळापत्रक, १८७६ पासून कचेऱ्यांची रविवारची सुटी, हे सर्व नव्या गणनेवर चालू लागले. शाळांतून १ जानेवारीला मुलांनी सम्राटाच्या प्रतिमेपुढे जमावे असा दंडक पडला. आगगाडीमुळे दूरच्या देवस्थानास एका दिवसात जाऊन येणे शक्य झाले, आणि ‘वर्षातील पहिले दर्शन’ म्हणून आज जी प्रथा अतिप्राचीन समजली जाते ती आजच्या स्वरूपात याच सुटीतून व याच आगगाडीतून वाढली. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांचेही तसेच. टपालकार्ड १८७३ च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि १८९९ पासून टपालखात्याने ही पत्रे आधी स्वीकारून १ जानेवारीला वाटण्याची खास व्यवस्था केली.

सारांश, १ जानेवारीला जुन्या सणाचा सारा संसार नेऊन बसविण्यात आला, आणि वर नव्या काळाची काही आकर्षणेही त्यात भरली गेली. खेड्यांनी तरीही घाई केली नाही. सरकारी वर्षारंभ शाळेत व घरचा वर्षारंभ जुन्या तिथीला, अशी दुहेरी पद्धत अनेक भागांत दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू होती. ती मोडली ती शहरांकडे गेलेल्या मुलांच्या सुट्या जानेवारीत पडू लागल्यामुळे. म्हणजे ज्या बदलाला तेवीस दिवसांची मुदत होती त्याला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

इतर सणांची वाट याहून वाकडी आहे. पितरांचा बोन हा सण सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. तोक्योत तो १५ जुलैला करतात. पण शेतकऱ्याला जुलैत सवड नसते, म्हणून बहुतेक प्रांतांनी तारीख तीच ठेवून महिना एकाने पुढे ढकलला आणि १५ ऑगस्ट पत्करला. या तडजोडीला जपानीत ‘महिनाभर उशिरा’ अशा अर्थाचे नाव आहे. ती कोणत्याही कायद्याने सांगितलेली नाही. ओकिनावात अद्याप जुनी तिथीच पाळतात. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री दोन तारकांचे मीलन होते अशी कथा आहे. तो सण ७ जुलैवर आणल्यामुळे भर पावसाळ्यात आला आणि तारका ढगांआड गेल्या. सेन्दाइ शहर म्हणूनच तो ऑगस्टमध्ये करते. आठव्या महिन्यातील पौर्णिमेचे चंद्रदर्शन मात्र कोणालाच हलविता आले नाही. चंद्रदर्शनाला चंद्र लागतो. तो उत्सव आजही जपानमध्ये जुन्या पंचांगाप्रमाणेच होतो, आणि यासाठी कोणी सरकारची परवानगी विचारल्याचे दिसत नाही.

चीनमध्ये हाच प्रयोग चाळीस वर्षांनी सुरू झाला, पण एका मोडत्या राज्यात. १ जानेवारी १९१२ रोजी सन्‌ यत्-सेन यांनी नानकिंग येथे प्रजासत्ताकाच्या हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी तारेने प्रांतांना सौर कालगणना कळविली. पेकिंग येथे बालसम्राट अद्याप गादीवर होता. त्याचा पदत्याग १२ फेब्रुवारीला आणि जुना वर्षारंभ १८ फेब्रुवारीला आला. नवी कालगणना ही अशा प्रकारे प्रथमपासून एका पक्षाची निशाणी ठरली. नव्या पंचांगात जुन्या तिथीही द्याव्यात असे तेव्हाच ठरले होते.

त्यानंतर १९१४ मध्ये जे घडले ते या सर्व इतिहासाचे मर्म आहे, जरी त्या वेळी ते कोणाला तसे वाटले नसावे. युआन श्-काय याच्या राजवटीतील गृहमंत्रालयाने सुचविले की प्रजेला जुने चार सण पाळू द्यावेत आणि त्यांना ऋतूंची नावे द्यावीत. जुन्या वर्षारंभाला ‘वसंतोत्सव’ हे नाव मिळाले. त्यापूर्वी हा शब्द वसंताच्या संक्रमणदिनासाठी वापरीत. ‘युआन्‌तान’ हे जुने नाव आधीच १ जानेवारीकडे गेले होते. २६ जानेवारी १९१४ चा जुना वर्षारंभ अशा रीतीने सरकारमान्य सुटीचा झाला, पण वर्षारंभ म्हणून नव्हे. ही सवलत तात्पुरती समजूत घालण्यासाठी होती. परिणाम उलटा झाला. जपानमध्ये नाव व आचार एकत्र हलले. जुन्या तारखेला जे उरले त्याला ‘जुना वर्षारंभ’ एवढेच म्हणता येत होते, आणि जुने म्हटले की ते मागे पडणारच. चीनमध्ये नाव गेले आणि आचार राहिले. इतकेच नव्हे तर त्या आचारांना स्वतःचे, निर्दोष आणि सुंदर असे नवे नाव मिळाले. ज्याला नाव आहे त्याला हटविणे कठीण.

कुओमिन्तांग पक्षाच्या सरकारने हे ओळखले असावे. १९२८ मध्ये त्याच्या गृहमंत्रालयाने ‘राष्ट्रीय कालगणना’ सर्वत्र रूढ करण्याची योजना मांडली. जुन्या तिथींची पंचांगे छापण्यास बंदी झाली, जुन्या वर्षारंभाची सुटी गेली, आणि १९३० मध्ये सणांचे सरसकट स्थलांतर जाहीर झाले : दिव्यांचा सण १५ जानेवारीला, नौकांच्या शर्यतीचा ५ मे रोजी, मध्यशरदाचा १५ ऑगस्टला. म्हणजे तिथीचा आकडा तोच, फक्त तारीख म्हणून वाचावयाचा. मध्यशरदाच्या सणाला कुटुंबाने पूर्णचंद्राखाली बसून गोल पोळ्या खावयाच्या असतात. १५ ऑगस्टला चंद्र कोणत्या कलेत असेल याचा विचार आज्ञापत्राने केला नव्हता. जपानी खेडुताने जी तडजोड अनुभवाने शोधली ती चिनी अधिकाऱ्याला कागदावर सुचली नाही.

पण अपयशाचे सर्वांत बळकट कारण चंद्र नव्हे, उधारी होय. चिनी बाजारात बरीचशी देवघेव उधारीवर चाले आणि हिशेब वर्षातून तीनदा चुकते होत : पाचव्या महिन्यातील नौकांच्या सणाला, मध्यशरदाला, आणि वर्षअखेरीला. शेवटचा हिशेब सर्वांत मोठा. बाराव्या महिन्याच्या शेवटच्या रात्री सावकाराची माणसे कंदील घेऊन फिरत. पहाट झाली, नववर्ष लागले, की मागणी करणे अशुभ, म्हणून ऋणको ती एक रात्र कोठेतरी काढण्याचा प्रयत्न करी. लहान दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचा देणेकरी, घाऊक व्यापारी पेढीचा, आणि शेतकरी या सर्वांचा. या साखळीतील एकट्या कोणाला आपली तारीख बदलणे शक्य नव्हते. दुकानदाराने १ जानेवारीला पैसे मागितले तर गिऱ्हाईक आणखी एक-दोन महिन्यांची मुदत हक्काने सांगे. सरकारने हिशेब नव्या तारखेने मिटविण्याचे हुकूम काढले, व्यापारी संघांनी मुदती मागितल्या, आणि पंचांगे दुकानाच्या गल्ल्याखालून विकली जाऊ लागली. जपानमध्ये जमीनमहसुलाच्या रूपाने राज्यसत्तेचा हात प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचला होता. नानकिंग सरकारचा हात बऱ्याच प्रांतांत जिल्ह्याच्या ठाण्यापलीकडे जात नव्हता. १९३४ मध्ये सरकारी कचेऱ्या वगळून लोकांच्या रूढींत फार हस्तक्षेप करू नये असे ठरवून सरकारने माघार घेतली. पुढे जपानशी युद्ध पेटले आणि हा विषय मागे पडला.

घरातील आचारांनाही अशीच एक अंतर्गत साखळी होती. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचा देव वर्षभराचा अहवाल घेऊन स्वर्गात जातो. त्याने वाईट बोलू नये म्हणून त्याच्या ओठांना चिकट मिठाई लावतात. नंतर घरझाडणी, दारावर लाल कागदाच्या जोडओळी, शेवटच्या रात्रीचे सर्व कुटुंबाचे भोजन, पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत व दुकान उघडणे, आणि पंधराव्या रात्री, पौर्णिमेला, दिवे. तीन आठवड्यांचा हा क्रम कृष्णपक्षातून शुक्लपक्षात, अंधारातून चांदण्यात जातो. जपानी वर्षारंभाचाही मूळ क्रम हाच होता, आणि तेथील १५ जानेवारीचा ‘लहान वर्षारंभ’ हा चंद्र गमावलेल्या पौर्णिमेचाच अवशेष आहे.

भारतात मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले, तेव्हा १ चैत्र ही तारीख सरकारी कागदावर आली. गुढ्या मात्र चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच उभ्या राहिल्या. तेथे शासनाने सण हलविण्याचा आग्रहच धरला नाही, म्हणून संघर्षही झाला नाही.

साम्यवादी सरकारने आरंभी शहाणपण दाखविले. २३ डिसेंबर १९४९ च्या आदेशाने १ जानेवारीला एक आणि वसंतोत्सवाला तीन दिवस सुटी मिळाली. १९१४ मध्ये दिलेले नाव नव्या राजवटीने जसेच्या तसे उचलले. पण ३० जानेवारी १९६७ रोजी, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात, ही सुटी रद्द झाली आणि कामगारांनी ‘क्रांतिकारक वसंतोत्सव’ कामावर राहून साजरा करावा असे सांगण्यात आले. सुटी १९८० मध्ये परत आली. २००० पासून ती आठवडाभराची झाली, २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने वसंतोत्सवाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि २०२५ पासून वर्षाच्या अखेरच्या दिवसाचीही सुटी मिळू लागली. जपानमध्ये जानेवारीच्या थंडीत येणाऱ्या शुभेच्छापत्रांवर मात्र अद्याप ‘वसंताचे स्वागत’ अशी अक्षरे छापलेली असतात.

जिम्मुच्या राज्यारोहणाची ११ फेब्रुवारीची सुटी युद्धानंतर १९४८ मध्ये रद्द झाली होती. १९६७ पासून ती राष्ट्रस्थापनादिन म्हणून पुन्हा सुरू झाली. १९७५ मध्ये चांद्र वर्षारंभ नेमका ११ फेब्रुवारीला आला. त्या मंगळवारी जपानमधील कचेऱ्या व शाळा बंद होत्या. चीनमध्ये त्याच दिवशी वसंतोत्सव होता, आणि कारखान्यांचे भोंगे नेहमीच्या वेळी वाजले.